फिके अंगण

पांढऱ्या वस्तूशी संसार करणे सोपे नाही. धोतर असो की भिंत, तिची मर्जी सांभाळता सांभाळता जीव मेटाकुटीला येतो. म्हणूनच इंग्लंडमधल्या माझ्या लेकीने घरापुढचे, मोटार उभी करायचे अंगण फिक्या खड्यांचे करायचे ठरवले, तेव्हा मी विचारले, “अगं, दिसेल छान, पण राहील का?”

प्रकार मोठा गमतीचा. बारीक, कोरडे खडे राळेत घोळवायचे आणि थापीने पसरायचे. चुरमुऱ्यांचा लाडूच म्हणा ना! मधल्या फटींतून पाऊस खाली मुरतो. तिकडे २००८ पासून घरापुढच्या बागेत पाणी न मुरणारी, ते रस्त्यावर सोडणारी ५ चौरस मीटरांहून मोठी फरशी घालायला परवानगी लागते. या लाडवाला ती लागत नाही.

खरी मेख पाकात! राळ दोन जातींची. ‘अ‍ॅरोमॅटिक’ स्वस्त, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी ती पिवळी पडते. करड्या खड्यांत ते खपून जाते, फिक्यांत लगेच उघडे पडते. ‘अ‍ॅलिफॅटिक’ रंग राखते, पण महाग.

जावई म्हणाले, “आई, महाग राळ घेतली तर यंदाच्या दिवाळीला तिकडे येणे जमणार नाही.”

मी क्षणभर गप्प झाले. वर्षभर मी त्याच दिवाळीची वाट पाहत होते. मग म्हणाले, “डाग बाहेरून पडला तर धुता येतो. अंगातूनच पिवळे पडले, तर काय धुणार? चांगलीच घ्या.”

दिवाळीला ती दोघे आली नाहीत. दोन ताटे कमी वाढली, एवढेच.

चांगली राळ घेतली म्हणून झाडू सुटत नाही, बरे का! ओली पाने कुजली की तपकिरी डाग धरतात. सावलीत शेवाळ चढते. हिरवळीवर टाकायच्या शेवाळनाशकात बहुधा लोह असते. त्याचे कण ओल्या खड्यांवर राहिले की गंजाचे ठिपके उठतात. ते लगेच झाडून घ्यावे लागतात. पाण्याचा फवाराही बेताचाच मारायचा, नाहीतर खडे सुटतात.

आता पानगळीच्या दिवसांत लेकीचा फोन येतो. आधी अंगणाची खबर, मग घरची. परवा म्हणाली, “आई, आत्ताच झाडून आले. अजून तस्संच आहे गं!”

यंदा तिकिटे काढली आहेत. मी चकलीची भाजणी दळून ठेवली आहे.