आबांची पद्मिनी तिरकी का चालते?

रेवती,

आबांची पद्मिनी विकायची नाही, चालवायची, हे तू ठरवलंस. फार बरं वाटलं. अलाइनमेंट करूनही गाडी तिरकी चालते आणि मागचा डावा टायर खाते, असं तू लिहिलंस. पुन्हा पैसे घालण्याआधी हे वाच.

या गाडीला मागे अखंड ॲक्सल आहे, पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बांधलेला. मागची चाकं फिरवून जुळवायची सोयच त्यात नाही. म्हणून मशीनवर मागचा आकडा चुकला, तर काहीतरी सरकलंय, वाकलंय किंवा झिजलंय. पुढची चाकं जुळवून स्टिअरिंग सरळ करून देतील, पण दुखणं मागेच राहील.

आधी हवा तपास. मग टायरवर तळहात आडवा फिरव. जाताना गुळगुळीत आणि येताना करवतीसारखा लागला, तर चाक फरफटतंय. जागोजागी खळगे असतील, तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग बघ. एकच कड झिजली असेल, तर ॲक्सलचं हाऊजिंग वाकलंय का, बेअरिंग सैल आहे का, ते बघून घे.

नंतर सपाट फरशीवर, स्टिअरिंग सरळ ठेवून, चारही चाकांच्या मध्यावरून ओळंबा सोड आणि खाली खडूची खूण कर. पुढच्या खुणेपासून मागच्या खुणेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोज. कंपनीचं माप २३४० मिलिमीटर, पण दोन्ही बाजू सारख्या येणं जास्त महत्त्वाचं. डावीकडे सेंटीमीटरभर जास्त भरलं, तर तिकडचा ॲक्सल मागे किंवा उजवीकडचा पुढे सरकलेला असू शकतो.

तसं असेल तर पाट्याचा सेंटर बोल्ट बघ. त्याचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं, म्हणून ॲक्सल जागेवर राहतो. ॲक्सल पाट्याला आवळून धरणारे यू बोल्ट सैल पडले की सगळा ताण त्याच्यावर येतो आणि तो तुटतो. बैठकीलगत पाट्यावर ताजा, चकचकीत ओरखडा दिसला, तर ॲक्सल सरकल्याची ती खूण समज. बोल्ट शाबूत असेल, तर पाट्याचे बुश आणि शॅकल तपास. पाट्याचं पुढचं टोक जिथे बॉडीला धरलंय, तिथला पत्रा टोकरून बघ. तो गंजला असेल, तर नवे पाटे घालून उपयोग नाही, आधी वेल्डिंग. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नकोस, आधी स्टँड लाव.

ही गाडी कुर्ल्यात बनायची. टॅक्सी म्हणून धावत होती, तोवर तिचे जाणकार नाक्यानाक्यावर भेटायचे. २०२३ मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीही संपल्या. आता ही जाण ज्यांच्या दारात गाडी आहे, त्यांनीच ठेवायला हवी. म्हणून गॅरेजात जाऊन 'गाडी ओढते' एवढंच सांगू नकोस. दोन्ही बाजूंची मापं कागदावर लिहून मेकॅनिकच्या हातात दे आणि दुरुस्तीनंतर तुझ्यासमोर पुन्हा मोजायला लाव.

तुझी,
आत्या