मनाच्या तळचा नवस

नवस बोलणारा मनुष्य एका गोष्टीविषयीं निःशंक असतो. ती म्हणजे आपल्याला काय हवें आहे, हें आपणांस ठाऊक आहे. देव पावेल कीं नाहीं, एवढीच काय ती त्याची शंका. हा भरंवसाच तपासून पाहणारा एक सोव्हिएट चित्रपट आम्हीं गणपतीच्या सुटींत कापड्यास पाहिला. आन्द्रेय तारकोव्हस्की ह्यांचा 1979 सालचा ‘स्टाल्कर’ तो हाच. मॉसफिल्म ह्या निर्मितिसंस्थेनें तो इंटरनेटवर खुला ठेविला असल्यामुळें पोलादपूर तालुक्यांतील आमच्या गांवींही तो पाहतां येतो.

कथा थोडक्यांत अशी : एका निषिद्ध प्रदेशांत एक खोली आहे. तींत पाऊल टाकणाऱ्याची अंतरींची इच्छा पुरी होते, अशी समजूत. एक वाटाड्या, एक लेखक व एक प्राध्यापक तिकडे निघतात. अडीच तासांहून अधिक वेळ चाललेल्या ह्या चित्रपटांत ते गवतांतून चालतात, चिंधी बांधलेले लोखंडी नट पुढें फेंकून वाट चांचपतात आणि वाद घालतात. स्ट्रुगात्स्की बंधूंच्या 1972 च्या वैज्ञानिक कादंबरीवरून तो निघाला असला, तरी परग्रहवासी त्यांत औषधालाही नाहींत.

मुंबईंत 1968 सालीं निघालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनीं मराठी प्रेक्षकांस परदेशी चित्रपटांची गोडी लाविली. तरी असल्या चित्रपटांत “घडतें काय?” हा प्रश्न अजून ऐकूं येतोच. आमच्या पुतण्यानेंही तोच विचारिला. “काका, नुसतें हिरवें गवत, ह्यांत भ्यायचें काय?” आम्ही उत्तर शोधीत होतों, तोंच गांवींच राहणाऱ्या आमच्या वहिनी म्हणाल्या, “अरे, तो डोंगरही हिरवाच होता.”

कोणता डोंगर, हें कोणास विचारावें लागलें नाहीं. 2021 च्या जुलैंत शेजारच्या महाड तालुक्यांतील तळिये आणि आमच्याच तालुक्यांतील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथें दरडी कोसळून माणसें गाडलीं गेलीं. त्यापूर्वीं त्या उतारांवरही कांहींच घडत नव्हतें. पुढील तासभर पुतण्या गवताकडे निराळ्या नजरेनें पाहत होता.

परंतु चित्रपटांतील मोठें भय गवताचें नसून खोलीचें आहे. वाटाड्याच्या गुरूचा भाऊ त्या प्रदेशांत मेला होता. तो परत मिळावा म्हणून गुरु खोलींत गेला, आणि त्याला मिळाली अमाप संपत्ति! खोलीनें ओठांवरचें मागणें ऐकिलें नाहीं; मनाच्या तळचें ऐकिलें. पुढें त्यानें गळफास घेतला. म्हणूनच उंबरठ्यापर्यंत पोंचलेल्या तिघांपैकीं एकही आंत जात नाहीं.

ही हकीकत ऐकल्यावर आमच्या मनांत आलें तें आमचेंच घर. ह्या भागांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसें पोटासाठीं मुंबईस गेलीं. शिमग्याला, गणपतीला येतात, घराचें कुलूप काढतात आणि म्हणतात, “नोकरी सुटली कीं गांवींच राहायचें.” आम्हीही हेंच म्हणत आलों आहों. कौलें चाळण्यास दर उन्हाळ्यांत पैसे पाठवितों, आणि उरलेल्या पैशांचें शहरांतल्या जागेचें कर्ज फेडतों. ह्या दोहोंपैकीं मनाच्या तळचा नवस कोणता?

ती खोली सावित्रीच्या पलीकडे असती, तर चालत जाऊन पाहतां आलें असतें. परंतु गांवचें घर मागण्यासाठीं आंत शिरावें आणि शहरांतली आणखी एक खोली पदरीं पडावी, ह्या भयानें आम्हीही उंबरठ्यावरच बसून राहिलों असतों.