घड्याळ दुसऱ्याच्या हाती

नदी डोंगर कसा कोरते, हे संगणकाला सांगायला तशी एक ओळ पुरते. त्या ठिकाणी वरून येऊन मिळणारं पाणलोट क्षेत्र आणि तिथला उतार, दोघांचे घात घेऊन गुणायचे, खडकाच्या झिजेचा गुणांक लावायचा आणि येईल त्या वेगानं पात्राचा तळ खाली न्यायचा. दुसरी ओळ उतारावरची माती हळूहळू सरकवते. जमीन खालून किती उचलली जाते, ते तिसरीत. मग या तीन ओळी लाखो वर्षांच्या फेऱ्यात घालायच्या. जवळजवळ सपाट जाळीवर आधी ओरखडे उठतात, ओरखड्यांच्या घळी होतात, घळींमधून जलविभाजकांच्या धारा वर येतात. पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास खुर्ची पुढे ओढतो.

भूरूपांची मॉडेलं लिहिणाऱ्यांचा खरा जीव असतो त्या फेऱ्यात. समीकरणं बहुतेक दुसऱ्या कुणाची असतात. फेरा मात्र आपला. किती वर्षांचं पाऊल टाकायचं, पाऊस कधी पाडायचा, कुठे थांबायचं, सगळं आपल्या हातात. कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डरला, 2007 साली सुरू झालेल्या सीएसडीएमएस या उपक्रमानं आमच्या जमातीकडे नेमका हाच फेरा मागितला.

मागणीचं नाव बेसिक मॉडेल इंटरफेस, बोलण्यात बीएमआय. तुमच्या मॉडेलला बाहेरून तीन हुकूम कळले पाहिजेत: तयार हो, एक पाऊल टाक, आवर. शिवाय विचारलं की सांगता आलं पाहिजे: आत्ता तुझ्याकडे किती वाजले, तुझी जाळी कशी आहे, पाण्याची खोली किती, ती मीटरमध्ये की फुटांत. आणि बाहेरच्यानं मध्येच एखादी किंमत बदलली तर निमूट घेता आली पाहिजे. मॉडेल फोर्ट्रानमधलं असो, सीमधलं असो की पायथनमधलं, आत काय शिजतं याची चौकशी नाही. फक्त काळ पुढे ढकलण्याचा मान तुमचा नाही. माझ्यासकट बऱ्याच जणांच्या हे पचनी पडायला वेळ लागला.

पण त्रिभुज प्रदेशाचं उदाहरण घ्या. ॲश्टन आणि मरे यांनी 2001 साली दाखवलं की, किनाऱ्याला फार तिरक्या येणाऱ्या लाटा तिथला उंचवटा सपाट करण्याऐवजी वाढवत नेतात. या कल्पनेवरच्या मॉडेलला किनारा कळतो, नदी कळत नाही. नदीच्या मॉडेलला गाळ आणि पात्रबदल कळतो, लाटा कळत नाहीत. प्रत्यक्षात मुखाशी गाळ पडतो, लाटा तो बाजूला नेतात, किनारा सरकतो, त्यामुळे नदीची लांबी आणि उतार बदलतो, आणि कधीतरी ती पात्र सोडून दुसरीकडे वळते. दोन मॉडेलं आपापली शेवटपर्यंत चालवून निकाल शेजारी ठेवले तर यातलं काहीही दिसणार नाही. एक पाऊल याचं, एक त्याचं, दर पावलाला देवाणघेवाण. गवय्या आणि तबलजी वेगवेगळ्या खोल्यांत बसून मैफल होत नाही.

सीएसडीएमएसच्याच मंडळींचं लँडलॅब हे पायथनमधलं साहित्य माझ्या रोजच्या वापरात आहे. त्यात उंचीच्या नावात सलग दोन अंडरस्कोअर टाइप करावे लागतात. पहिले काही दिवस शिव्या येतात. मी ते सह्याद्रीवर लावतो. महाबळेश्वरच्या पश्चिमेला कडा धाडकन कोकणात उतरतो आणि पूर्वेला कृष्णा निवांत देशावर जाते, तीही अरबी समुद्राकडे पाठ करून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत. एकाच गुणांकात पाऊस, खडक, तडे सगळं कोंबून असा असमतोल समजत नाही. माथ्यावर धो धो पाऊस आणि थोडं पूर्वेला वाईत त्याचा लहानसा हिस्सा. बेसॉल्टचे थर एकावर एक, काही टणक, काही भुसभुशीत, म्हणून तर आपल्या डोंगरांना पायऱ्या. लँडलॅबमध्ये थरांचा घटक वेगळा, पावसाचा वेगळा. दोन्ही जोडले की कड्याचं मागे सरकणं कशामुळे किती, हा प्रश्न निदान विचारता येतो.

उत्तर मिळतंच असं नाही. घटक वाढले की गुणांक वाढतात, आणि अगदी निरनिराळ्या गुणांकांतून हुबेहूब तोच कडा निघतो. चित्र सह्याद्रीसारखं दिसतंय म्हणून कुणी खूष झालं की मला धास्ती वाटते. जोडणी सोपी झाल्यानं हा मोह वाढलाय, असं माझं मत आहे.

तरी उपयोग नाकारता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय जल मॉडेलच्या नव्या पिढीची चौकट बीएमआयवर उभी राहते आहे: बर्फाच्या खोऱ्याला एक मॉडेल, कोरड्या खोऱ्याला दुसरं. भूजलाच्या मॉडफ्लो 6 लाही हे हुकूम कळतात. पुराच्या अंदाजात एक मॉडेल काढून दुसरं बसवून बघणं ही चैन नव्हे.

नव्यानं येणाऱ्यांना मात्र मी लँडलॅब लगेच देत नाही. आधी गिल्बर्टची टेकडी. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टनं 1909 साली कागदावरच दाखवलं होतं की माथे गोलसर का असतात: माथ्यापासून जितकं दूर जावं तितकी वरून आलेली जास्त माती पुढे द्यावी लागते, म्हणून उतार वाढत जातो. ही टेकडी स्वतः लिहायची, मग तिला बीएमआयचे हुकूम शिकवायचे आणि शेजारच्या टेबलावर चालवायला द्यायची.

शेजारी बहुधा हजार वर्षांचं पाऊल मागतो आणि टेकडीवर करवतीसारखे दाते उगवतात, आकडे आकाशाला भिडतात. माती सरकवण्याच्या साध्या गणिताला पावलाची मर्यादा असते; जाळीतलं अंतर निम्मं केलं तर पाऊल एक चतुर्थांश करावं लागतं. शेजाऱ्याला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. मग टेकडीच्या मालकाला पुन्हा बसावं लागतं: बाहेरून हजार वर्षं मागितली तर आतल्या आत त्यांचे किती तुकडे करायचे, ते मॉडेलनंच ठरवायला हवं. पोरं कुरकुरतात. पण यानंतर लँडलॅबमधला हाच घटक उघडून दिला, की आतले तुकडे त्यांना न सांगता सापडतात.