सरचूची पहाट आणि शॉकअपमधलं तेल

सप्टेंबर सरत आला की मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूला पहाटेचा पारा शून्याखाली उतरतो. सुमारे 4,290 मीटर उंचीवरच्या या तंबूंच्या वस्तीत रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली मोटरसायकल सकाळी कशीबशी सुरू होते आणि पहिल्याच खड्ड्याचा दणका मनगटातून खांद्यापर्यंत जातो. पुण्याहून आलेला चालक खाली उतरतो, पुढचा ब्रेक धरून हँडलवर भार टाकतो. शॉकअप जेमतेम दबतं आणि दबलं की लवकर वर येत नाही. ‘स्प्रिंग कडक झाली’ असं निदान होतं, पाना निघतो आणि मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, दोन खाचा सैल केला जातो.

शॉकअप उघडण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला तिथेच त्याचा हात धरावासा वाटतो. स्प्रिंगला काहीही झालेलं नसतं. पोलादाचा ताठपणा तापमानानुसार बदलतो हे खरं, पण चाळीस अंशांच्या फरकानेही तो साधारण एक टक्काच बदलतो. हाताला ते कळणारही नाही. बदललेलं असतं ते आतलं तेल.

स्प्रिंग दणका झेलते, पण झेललेला जोर लगेच परत फेकते. नुसत्या स्प्रिंगवरची गाडी चेंडूसारखी उसळत राहील. तिला आवर घालतं तेल. बारीक भोकांतून, झडपांच्या पातळ चकत्यांखालून वाट काढताना ते चाकाच्या हालचालीतली ऊर्जा उष्णतेत बदलतं. हेच डॅम्पिंग. नेहमीच्या वापरातलं फोर्क ऑइल, म्हणजे पुढच्या शॉकअपमधलं तेल, 40 अंशांना जितकं घट्ट असतं, त्याच्या कित्येक पट घट्ट ते शून्य अंशाला होतं. खोबरेलासारखं ते थिजत नाही, काकवीसारखं जड होतं.

या जडपणाचा त्रास मोठ्या खड्ड्यापेक्षा बारीक खडबडीत जास्त जाणवतो. चाक जोरात वर फेकलं गेलं की तेल मोठ्या भोकांतून उसळत जातं आणि तिथे चिकटपणाचा वाटा कमी असतो. हळू, छोट्या हालचालीत मात्र ते अरुंद फटींतून झिरपत असतं आणि तिथे चिकटपणाच सारं ठरवतो. ट्रकांच्या वर्दळीने पन्हाळी पत्र्यासारख्या झालेल्या कच्च्या रस्त्यावर याचा खरा धोका कळतो. एका उंचवट्यावर दबलेलं शॉकअप पुरतं उलगडण्याआधी दुसरा उंचवटा येतो, मग तिसरा. दर खेपेला ते थोडं थोडं खाली बसत जातं आणि अखेर दबायला जागाच उरत नाही. चाक रस्त्याला धरून राहत नाही, अशा वेळी ब्रेक लावला तर टायर घसरतो.

पुढचं आणि मागचं शॉकअप एका वेगाने तापतही नाही. मागचं शॉकअप इंजिन आणि सायलेन्सरच्या आसपास असतं, शिवाय सामानाचा बोजा त्याच्यावर. त्यातलं तेल लवकर सैलावतं. पुढच्या नळ्या मात्र बोचऱ्या वाऱ्यातच असतात. त्यामुळे सकाळचा पहिला अर्धा तास गाडी मागून मऊ आणि पुढून ताठ चालते.

त्यात सरचूला थंडीबरोबर उंचीही असते. फोर्कमध्ये तेलावर थोडी हवा कोंडलेली असते. 27 अंशांवरून उणे 3 अंशांपर्यंत निवली की तिचा दाब दहा टक्क्यांनी घटतो. पण बाहेरच्या हवेचा दाब तिथे समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांवर आलेला असतो. म्हणजे मुंबईत बंद केलेली हवा तिथे उलट बाहेर ढकलू लागते. 2016 मध्ये आलेल्या रॉयल एन्फिल्ड हिमालयनसारख्या 41 मिलिमीटरच्या फोर्कमध्ये हा जोर प्रत्येक नळीत सुमारे चार किलो भरतो. काही ऑफ-रोड गाड्यांच्या फोर्कच्या टोपणावर ही हवा सोडायला छोटा स्क्रू असतो, तो याचसाठी.

ऑइल सीलकडेही लक्ष हवं. थंडीत रबर ताठरतं, नळीला पूर्वीसारखं बिलगत नाही. त्यातच नळीवर चिखल गोठला असेल तर त्याची धार सीलची कड कापते. नळ्यांवर रबरी भाते असतील तर मोठा बचाव होतो. नसतील तर निघण्यापूर्वी ओल्या फडक्याने नळ्या पुसायला दोन मिनिटं पुरतात.

वाळूज आणि चाकणच्या कारखान्यांतून देशभरच्या दुचाकींचे शॉकअप बाहेर पडतात, आणि आपल्या हाताला त्यांची सवय लागते ती आपल्याच उबदार हवेत. म्हणून लडाखला निघण्याआधी फोर्क ऑइल बदलावं असं मी आग्रहाने सांगतो, पण डब्यावरचा 5 किंवा 10 हा आकडा बघून नव्हे. दोन कंपन्यांचं ‘दहा’ सारखं असेलच असं नाही. 40 अंशांची चिकटता आणि व्हिस्कॉसिटी इंडेक्स पाहावा. हा इंडेक्स जितका जास्त, तितकं तेल थंडीत कमी घट्ट होतं. नुसतंच पातळ तेल भरलं तर परतीच्या वाटेवर मैदानी उन्हात गाडी झुलू लागेल.

एरवी पहिले आठ-दहा किलोमीटर सावकाश चालवणं एवढंच करायचं असतं. चालता चालता तेल स्वतःच तापतं. सरचूच्या पुढे गाटा लूप्सची एकवीस वळणं लागेपर्यंत ऊन वर आलेलं असतं, शॉकअप मोकळं झालेलं असतं. सकाळी प्रीलोड सैल केलेला तो चालक मात्र दुसऱ्याच वळणावर थांबतो. सामानाने मागची बाजू खाली बसली आहे, हँडल वळता वळत नाही. तो बॅगेतून पुन्हा पाना काढतो आणि त्याच दोन खाचा आवळू लागतो.