दारातला दिवा



गेल्या कार्तिकीला माझी वारी चुकली. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच. कारण चांगलेच होते. लेकीचे दुसरे बाळंतपण, तेही अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन गावी. लेकीला आई हवी असताना वारीची सबब पुढे करणे पांडुरंगालाही रुचले नसते, हे मला कळत होते. पण ज्याच्या पायाला वारीची सवय लागली आहे त्याला विचारा. कार्तिक लागला की पाय घरात ठरत नाहीत. बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावाहून दिंडी निघाली, हे दिंडीबरोबर चालू लागले, आणि मी साता समुद्रापलीकडे परक्या स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळत बसले.

अशात एके दिवशी सहा वर्षांचा नातू हाडांचा सापळा छापलेला काळा अंगरखा घालून समोर उभा राहिला. म्हणाला, "आजी, शुक्रवारी हॅलोविन. आपल्या दारात भुतं येणार!"

शुक्रवार म्हणजे ३१ ऑक्टोबर. मी दिनदर्शिका पाहिली. कार्तिक शुद्ध दशमी. पंढरीत एकादशी २ नोव्हेंबरला. म्हणजे ज्या दशमीला वाळवंटात टाळमृदंगाचा गजर चालायचा, त्या दशमीला माझ्या वाट्याला भुते! घरात वीस दिवसांचे तान्हे बाळ, ओली बाळंतीण, आणि दारात हडळी, सापळे, कवट्या. माझा जीव कसा होईल सांगा.

लेकीने समजावले. त्या संध्याकाळी आळीतली मुले सोंगे घेऊन घरोघर फिरतात. दारात येऊन 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणतात. म्हणजे खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू. खोडी कोणी काढत नाही, खाऊ मात्र घरोघर मिळतो. एक संकेत असतो. ज्याच्या दारावरचा दिवा चालू, त्याच्याकडे जायचे. दिवा बंद असेल तर त्या घराची पायरी चढायची नाही.

"मग सोपं आहे," मी म्हटले. "आपण दिवा बंद ठेवू."

लेक वाद घालत नाही. एवढेच म्हणाली, "तू म्हणशील तसं, आई. पण आपला हा सगळ्यांच्या दारी जाणार, आणि आपल्या दारात अंधार?"

माउली, ते वाक्य मला लागले. आपल्या गावातून दिंडी जाते तेव्हा ज्याच्या दाराला कुलूप असते त्याची नंतर वर्षभर चर्चा होते. मी स्वतः केली आहे. "एवढं मोठं घर, पण वारकऱ्याला घोटभर पाणी नाही." आणि आता मीच अंधार करायला निघाले होते.

जावईबापूंना या गोष्टींची माहिती आहे. ते म्हणाले, हा सण मुळात भुतांचा नाही, गेलेल्या माणसांचा आहे. ख्रिस्ती लोकांत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांसाठी प्रार्थना करण्याचा दिवस. हॅलोविन म्हणजे संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ. त्याच्याही आधी आयर्लंडकडचे लोक याच सुमारास सुगी संपल्याचा आणि थंडी लागल्याचा सण करीत. त्या रात्री मेलेल्यांची आणि जिवंतांची वेस पुसट होते, अशी त्यांची समजूत होती. पुढे इंग्लंडात गोरगरीब घरोघर जाऊ लागले. तुमच्या घरातल्या गेलेल्या माणसांसाठी आम्ही प्रार्थना करतो, असे म्हणत, आणि घरची बाई त्यांना एक लहानशी गोड भाकरी देई. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक पोट भरायला अमेरिकेत आले आणि आपला सणही घेऊन आले. तिकडे ते सलगम कोरून त्यात दिवा लावत. इथे भोपळा मुबलक, म्हणून भोपळा कोरू लागले.

ऐकता ऐकता मला पैठण आठवले. नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. वास सुटला तशी रस्त्याने जाणारी भुकेली माणसे थबकली. ज्यांना त्या काळी कोणी दारात उभे करत नसे अशी माणसे. नाथांनी पितरांसाठी रांधलेले अन्न त्यांना पोटभर वाढले. गावाने बहिष्कार घातला, तेव्हा पितर स्वतःच पानावर येऊन बसले, अशी कथा आपण कीर्तनात ऐकत आलो आहोत. पितरांच्या नावाने केलेले अन्न दारात आलेल्या भुकेल्याला द्यायचे, हे इंग्लंडातल्या त्या बाईला कोणी सांगितले असेल? भुतांचे म्हणाल तर नाथांनी भारुडात वासुदेव आणला, जोशी आणला, तसे भूतही आणले. सोंगाला नाथ भ्याले नाहीत. मग मी का भ्यावे? बाळाच्या गालाला काजळाची तीट लावली आणि म्हटले, लावा दिवा.

आता खाऊ. मी म्हटले, राजगिऱ्याचे आणि शेंगदाण्याचे लाडू करते, घरचे, ताजे. लेक गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "आई, घरी केलेलं, उघडं असलेलं इथे कोणी मुलांना खाऊ देत नाही. घरी गेल्यावर आईबाप टाकून देतात. कारखान्यातून बंद होऊन आलेली पुडीच चालते."

टाकून देतात! नाम घेत केलेले लाडू कचऱ्यात! त्या रात्री मला झोप लागली नाही, एवढा राग आला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. तिथे मीच लेकीला सांगितले, "प्रत्येक पुडी वाच. अंडं नको, आणि ते जिलेटिन का काय ते नको." जनावराच्या हाडाकातड्यापासून करतात ते जिलेटिन. चिवट गोळ्यांत, स्पंजासारख्या मऊ मिठाईत ते बरेचदा असते. माळकऱ्याने ते खायचे नाही, आणि जे आपण खात नाही ते आपल्या हाताने दुसऱ्याला द्यायचे नाही, असे मला वाटले. लेक बाळाला जावयाकडे सोपवून अर्धा तास बारीक अक्षरे वाचत उभी होती. सहा पुड्या परत ठेवल्या, चार घेतल्या. साधी चॉकलेटे, शेंगदाणा घातलेली चॉकलेटे. मी समाधानाने घरी आले. ही वाचण्याची गोष्ट लक्षात ठेवा, माउली.

शुक्रवारी सहाच्या सुमारास अंधारले. नातू बापाबरोबर फिरायला गेला, लेक आत बाळाला घेऊन बसली. मी नऊवारीवर लोकरी शाल घेतली, कपाळी बुक्का, गळ्यात माळ, आणि चॉकलेटांचे पातेले मांडीवर घेऊन दारात खुर्ची टाकून बसले. थंडी मी म्हणत होती.

आधी चिमुकली आली. एक मधमाशी, एक भोपळा, बापाच्या कडेवर झोपलेला एक वाघ. मग मोठी. चेटकिणी, सापळे, पांढऱ्या चादरीला दोन भोके पाडून केलेले भूत. एकेकाच्या पिशवीत मी चॉकलेट टाकी आणि मनात रामकृष्ण हरी म्हणे. एक मुलगा माझ्याकडे निरखून पाहत काहीतरी बोलला. लेकीने आतून हसत सांगितले, "आई, तो म्हणतोय, तुझं सोंग फार छान आहे."

मीही हसले. पण नंतर ते मनात घोळत राहिले. खरेच, सोंगच की! माळ आहे, बुक्का आहे, आणि चार दिवसांपूर्वी हीच बाई दिवा बंद करा म्हणत होती.

मग ती आली. आई आणि तिची पाचेक वर्षांची मुलगी, सिंहाचा पोशाख केलेली. मुलीने हात पुढे केला. मी चॉकलेट दिले. आईने ते तिच्या हातातून काढून घेतले, मोबाइलचा उजेड पाडला आणि वाचू लागली. मग दुसरे उचलून वाचले. मला काही विचारले. त्यातला 'पीनट' एवढा शब्द मला समजला. शेंगदाणे. मी पातेल्यातली शेंगदाण्याची चॉकलेटे दाखवली. सगळी एकत्र मिसळलेली होती. तिने हसून मान हलवली, दोन्ही चॉकलेटे परत ठेवली, आणि लेकीचा हात धरून वळली.

खरे सांगते, पहिल्या क्षणी मला अपमान वाटला. माझ्या दारचे घेतले आणि उलटून पालटून परत ठेवले! लाडवांचा राग पुन्हा वर आला. पण ती पोर मागे वळून पातेल्याकडे पाहत चालली होती. आणि मला दुकानातली मी दिसले. मीही अशीच पुड्या वाचवून घेत होते. माझ्या माळेसाठी. ही वाचत होती पोरीच्या जिवासाठी. शेंगदाण्याच्या कणानेही काही मुलांचा श्वास कोंडतो, हे मी लेकीकडून ऐकले होते. ऐकले होते आणि विसरले होते, कारण ते माझे पथ्य नव्हते.

दशमीची संध्याकाळ, आणि माझ्या दारातून लेकरू रिकाम्या हाताने चालले होते.

"थांब, थांब बाळा!" मी मराठीतच ओरडले आणि आत धावले. नातवासाठी भारतातून आणलेली रंगीत पेन्सिलींची पेटी टेबलावर होती. एक लाल, एक हिरवी पेन्सिल आणि खोडरबर उचलले आणि अनवाणी पायरी उतरून तिच्या पिशवीत टाकले. त्या आईने छातीवर हात ठेवला. सिंहीण मात्र पेन्सिल बाहेर काढून तिथेच बघत बसली. घरी आल्यावर नातवाने पेटी मोजली आणि माझ्याशी तासभर अबोला धरला, तो भाग वेगळा.

लेकीने नंतर सांगितले, काही घरांच्या दारात मोरपिशी रंगाचा भोपळा ठेवतात. त्याचा अर्थ, ज्या मुलांना खाण्याचे पथ्य आहे त्यांच्यासाठी आमच्याकडे खेळणे, पेन्सिल, असे काहीतरी आहे. मला तो भोपळा फार आवडला. देण्याआधी घेणाऱ्याचा विचार करून ठेवलेला.

आणि मग मला माझे एक जुने पाप आठवले. मराठवाड्यातल्या काही दिंड्या आषाढीला आमच्या गावावरून जातात. आम्ही बुंदीचे लाडू वाटतो. एक वर्षी एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "बाई, मला साखर आहे. चालत नाही." मी म्हटले, "माउली, प्रसादाला नाही म्हणू नये," आणि लाडू तिच्या हातात कोंबला. तिने माझ्यासमोर तो खाल्ला. माझ्या समाधानासाठी खाल्ला. मी पुढच्या माणसाकडे वळले. पुढच्या मुक्कामी तिचे काय झाले, मी विचारलेही नाही. त्या दिवशी मी अन्न दिले की माझी हौस भागवून घेतली? इतकी वर्षे हा प्रश्न मला पडला नव्हता. परक्या देशात एका अनोळखी आईने तोंडातून शब्द न काढता तो विचारला.

साडेआठला मुले यायची थांबली. मी मोजत होते, सदतीस झाली. दिवा मालवला आणि ह्यांना फोन लावला. तिकडे पहाटेचे सहा. हे ६५ एकरातल्या तळावरून स्नानाला निघाले होते. मागे 'ज्ञानोबा तुकाराम' चालले होते. ते ऐकून माझ्या डोळ्यांना धार लागली. मी सगळे सांगितले. भुते, पातेले, सदतीस लेकरे.

ह्यांनी एकच विचारले, "अगं, कुणी रिकामं गेलं नाही ना दारातून?"

"चाललं होतं," मी म्हटले. "हाक मारून माघारी बोलावलं."

"मग नामदेव पायरीला तुझ्या वाटचा माथा टेकवतो," म्हणाले, आणि चंद्रभागेचा वारा फोनमध्ये भरला.

माउली, माझी वारी चुकली ती चुकलीच. पेन्सिलीने तिची भरपाई झाली, असे मी म्हणणार नाही. पण या आषाढीला आमच्या गावात बुंदीशेजारी ताकाचे पिंप आणि फुटाण्यांची परात ठेवायची, हे आमच्या बायकांच्या भजनी मंडळाने ठरवले आहे. वाढणारीने आधी विचारायचे, "माउली, तुम्हाला काय चालतं?" तुमच्या गावावरून दिंडी जात असेल, तर तुम्हीही एवढे विचारून पाहा. ती साखरेची म्हातारी कदाचित तुमच्या दारी येईल. आली तर माझा नमस्कार सांगा.

रामकृष्ण हरी.