पेठेतील खाट

धाकट्या लेकीस पुण्यात पदव्युत्तर वर्गात प्रवेश मिळाल्याचे कळले, त्या सायंकाळी जपमाळ झाल्यावर आम्ही उभयतांनी देवाचे आभार मानले आणि लगोलग एका पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडायला बसलो. २०२४ सालचा जून महिना होता. आदल्या डिसेंबरात केंद्र सरकारने कांद्याची निर्यात थांबवली होती. ती बंदी ४ मे रोजी उठली खरी, परंतु आमचा रांगडा कांदा त्याआधीच, मार्चमध्ये, नामपूरच्या बाजारात क्विंटलला १,३०० रुपयांनी गेला होता. लेकीने बी.एस्सी. गावातल्याच महाविद्यालयातून केले. सकाळी घरून निघावे, दुपारी घरी येऊन जेवावे, अशी ती तीन वर्षे आम्हांला फारशी जड गेली नव्हती. आता शुल्काची तजवीज कशीबशी होत होती. वसतिगृहाच्या यादीत मात्र तिचे नाव लागले नव्हते, आणि मुलगी राहणार कोठे, या रकान्यात काय लिहावे ते आम्हां दोघांनाही कळेना.

आमच्या गावात हा प्रश्नच नसतो. मोसम नदीकाठच्या या गावी बदलून आलेल्या शिक्षकाला खोली हवी असली, तर घरमालक त्याचे गाव विचारतो, मामाचे गाव विचारतो, चहा पाजतो आणि किल्ली हाती ठेवतो. आम्ही ख्रिस्ती आहोत हे साऱ्या आळीला ठाऊक आहे, त्यामुळे ते कोणाला सांगावे लागत नाही. नाताळात आमच्या करंज्या शेजारी जातात, दिवाळीत त्यांच्या आमच्याकडे येतात. आपण कोण, हे दारात उभे राहून सांगण्याची वेळ आमच्यावर इतक्या वर्षांत आली नव्हती. म्हणूनच आमची जीभ त्या कामी तयार नव्हती, असे आता वाटते.

रात्रभर एस.टी.त बसून आम्ही तिघे पहाटे वाकडेवाडीच्या स्थानकावर उतरलो आणि वडगाव शेरीतील एका नातलगाकडे गेलो. मुलीला त्यांच्याकडेच का ठेवले नाही, असे वाचक विचारतील. त्यांच्या दोन खोल्यांत सहा माणसे राहतात. त्यांनी आग्रह केला, आणि त्या आग्रहातला प्रामाणिकपणा पाहूनच आम्ही नाही म्हटले. शिवाय वर्ग डेक्कनच्या बाजूला, प्रयोगशाळेतून सुटायला संध्याकाळ होणार. तेव्हा जागा हवी ती सदाशिव, नारायण किंवा शनिवार पेठेत, जिथून पायी जाता येईल.

हीच गोष्ट महाराष्ट्रातल्या निम्म्या जिल्ह्यांतील पालकांना सुचलेली असते, हे पेठेत शिरल्यावर समजले. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव मिरवणाऱ्या या पेठेत आता स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांचे जणू सैन्यच उतरले आहे. बोळाबोळांत अभ्यासिका, मेस, झेरॉक्सची दुकाने, आणि विजेच्या खांबांवर 'फक्त मुलींसाठी' अशा चिठ्ठ्या. येथे खोली भाड्याने मिळत नाही, खाट मिळते. त्या पद्धतीला 'कॉट बेसिस' म्हणतात. एका खोलीत चार, पाच, कधी सहा लोखंडी खाटा, प्रत्येकीखाली एक पेटी, भिंतीत एक कप्पा, आणि स्वच्छतागृहासमोर सकाळची रांग. अशा एका खाटेचे आम्हांला ४,५०० रुपये सांगण्यात आले. आम्ही मनातल्या मनात भागाकार केला : महिन्याला साडेतीन क्विंटल कांदा. स्वतंत्र दोन खोल्यांचा आकडा ऐकून तर आम्ही भागाकारही केला नाही. वर अनामत रक्कम, आणि एजंटाला एक महिन्याचे भाडे. अकरा महिन्यांच्या कराराचे सर्वत्र बोलतात. मुदत कितीही असली तरी करार नोंदवलाच पाहिजे, असे महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा सांगतो. पण "कागदबिगद कशाला, आपण काय परके आहोत?" असे म्हणणारेही एक गृहस्थ भेटले. अनामत मात्र त्यांनी परक्यासारखीच मागितली.

पैशाचे बोलणे मात्र शेवटी येई. आधी तीन प्रश्न येत. गाव कोणते? आडनाव काय? आणि खाण्याचे कसे? आमचे आडनाव एका गावाच्या नावावरून पडलेले. त्यावरून धर्म कळत नाही, जात मात्र विचारणाऱ्याला कळते, निदान कळल्यासारखे वाटते. पहिल्या दोन दारी आम्ही सरळ सांगितले की आम्ही कॅथलिक, घरी मांसाहार असतो, मुलगी मेसमध्ये जेवेल. पहिल्या घरी जागा नुकतीच गेली होती. दुसऱ्या घरी मुलाला विचारून कळवतो म्हणाले, आणि कळवले नाही. दोन्ही उत्तरे खरीही असतील. उन्हात जिना उतरताना बेथलेहेमच्या धर्मशाळेची आठवण आम्हांला झाली. पण आपल्या लेकीच्या खाटेसाठी ती कथा वापरणे आम्हांलाच फार सोयीचे वाटले, म्हणून कोणीच ती बोलून दाखवली नाही.

आम्हां उभयतांपैकी एकाचे शिक्षण मिशनच्या बोर्डिंगात झाले. १८७८ पासून नगर जिल्ह्यात येशूसंघीय धर्मगुरूंनी काम उभारले, त्यात शाळेइतकेच महत्त्व बोर्डिंगला होते, कारण ज्या मुलांना गावात पाणवठा मोकळा नव्हता त्यांना शहरात बिऱ्हाड कोण देणार? पुण्यात गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवत, माधुकरी मागत. ती सोय मोठीच होती, पण तिचे दार सर्वांना उघडे नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी हे ओळखले. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढण्यास उत्तेजन दिले, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, आणि पुढे ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीही. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली, ती खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठीच. या साऱ्यांना एक गोष्ट ठाऊक होती : शिक्षणाची पहिली पायरी वर्गात नसते, उशाला असते.

सरकारलाही ती अलीकडे उमगली आहे. स्वाधार योजनेत, वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना पुण्यासारख्या शहरात जेवण, निवास व इतर खर्च मिळून वर्षाला ६०,००० रुपये देण्याचे ठरले. आम्ही त्यात बसत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, आमचा झाला नाही. महाराष्ट्रात आमची गणना इतर मागासवर्गात होते. म्हणजे कागदावर आमची जात बाप्तिस्म्याने गेली, आणि आडनाव विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर ती राहिली. हे लिहिताना मन कडवट होते. असो.

शनिवारी दुपारी पाचवे दार. दुसरा मजला, स्वच्छ जिना, दारात रांगोळी. खोलीत दोनच खाटा, खिडकीशी टेबल, बाहेर पिंपळ. भाडे ५,५००. घरमालकीण बाई साठीपुढच्या, बोलायला मृदू. त्यांनी आम्हांला पन्हे दिले. लेक त्या टेबलाकडे ज्या नजरेने पाहत होती ती आमच्या नजरेतून सुटली नाही. बाई म्हणाल्या, "आम्ही घरात अंडंसुद्धा आणत नाही हो. तुमच्याकडे?"

"आमच्याकडेही नाही."

हे उत्तर आम्हां दोघांपैकी कोणाच्या तोंडून प्रथम निघाले, यावर आमचे आजही एकमत नाही.

"माळकरी का?" बाईंनी कौतुकाने विचारले. आम्ही हसलो. ते हसणे असे होते की त्याचा अर्थ 'हो' असा घेता यावा आणि पुढे कधी अंगावर आले तर 'नाही' असाही लावता यावा. त्याच वेळी आईचा हात लेकीच्या गळ्याशी गेला आणि तिने ओढणी नीट केली. ओढणी नीटच होती. तिच्याखाली प्रथम कम्युनियनच्या दिवशी घातलेला चांदीचा लहानसा क्रूस होता. दोन महिन्यांची अनामत, ११,००० रुपये, आम्ही मोजून दिली.

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही नाना पेठेतील सिटी चर्चमध्ये मिस्सेला गेलो. सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली आपल्या पदरी असलेल्या ख्रिस्ती लोकांसाठी दिलेल्या जागेवर ते उभे राहिले. तेथून आमची नवी खोली दोन-अडीच किलोमीटरांवर असेल. पेशव्याच्या राजधानीत ज्यांना उघड उपासनेला जागा मिळाली, त्यांचे आम्ही वारस, आणि एका खाटेसाठी आम्ही क्रूसावर ओढणी ओढली होती. पेत्राला निदान जिवाचे भय होते. आमच्यापुढे पन्ह्याचा पेला होता. कम्युनियनच्या रांगेत लेक उभी राहिली. आम्ही दोघे बाकावरच बसून राहिलो. का, ते तिने विचारले नाही.

एस.टी. सुटताना ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "त्या नाही म्हणाल्याच नव्हत्या. तुम्ही दोघंच आधी भ्यालात." आम्ही तिला सांगितले की वर्षभराचा प्रश्न आहे, अभ्यासाकडे लक्ष दे. संगमनेर मागे पडेपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. तिने बाईंना सारे सांगून टाकले होते. बाई बराच वेळ गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत? मला खोटं बोललेलं चालत नाही." महिनाअखेर खोली सोड, असे त्यांनी सांगितले. अनामत पैन् पै परत केली.

आम्हांला तेव्हा राग आला. तो कोणावर काढावा हे मात्र ठरेना. आम्ही ख्रिस्ती म्हणून त्यांनी मुलीला काढले, असे म्हणावे तर त्यांनी तसे म्हटले नव्हते. खरे सांगितले असते तरी त्यांनी नाकारलेच असते, असे म्हणावे तर ते पाहण्याची संधी आम्हीच घालवली होती. कदाचित त्या म्हणाल्या असत्या, "जेवण मेसमध्ये ना? मग मला काय?" आज हे कळायला मार्ग नाही. पहिल्या दोन दारांविषयी आम्ही निदान तक्रार करू शकतो. या दाराविषयी तोही अधिकार आमच्यापाशी उरला नाही.

लेकीने स्वतःच शोधून पाच जणींच्या खोलीत खाट घेतली. ४,५०० रुपये. तेथील मालकाने आडनाव विचारले, तेव्हा तिने न विचारता बाकीचेही सांगितले. तो म्हणाला, "भाडं पाच तारखेच्या आत." डिसेंबरात आम्ही तिला भेटायला गेलो, तेव्हा शेजारच्या मळ्यातली डाळिंबे आणि नाताळच्या करंज्यांचा डबा बरोबर नेला होता. खोलीला खिडकी एकच, तीही दुसऱ्या इमारतीच्या भिंतीला टेकलेली. कपडे पंख्याखाली वाळत घातलेले. टेबल नव्हते. ती मांडीवर पाट घेऊन लिहिते. खाटेच्या उशाकडच्या लोखंडी दांडीला तिची जपमाळ अडकवलेली होती आणि शेजारच्या खाटेच्या दांडीला गणपतीचे एक छोटे चित्र. ती मुलगी साक्रीची निघाली. रात्री दिवा घालवल्यावर दोघी अहिराणीत कुजबुजतात म्हणून बाकीच्या तिघी ओरडतात, असे लेकीने सांगितले.

डबा उघडताच पाचही जणी भोवती जमल्या. बसायला जागा नव्हती, म्हणून आम्ही दोघे साक्रीच्या मुलीच्या खाटेवर बसलो. तिने आपली उशी बाजूला सारली आणि विचारले, "काका, नामपूरले कांदाना काय भाव शे?"