ताईची तारखांची वही

22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा ताई आणि भाऊजी गॅसचं सिलिंडर आणि मुलाची दहावीची पुस्तकं माळ्यावर चढवत होते. दारातल्या गाडीकडे बघायला वेळच नव्हता, आणि ती काढून नेणार तरी कुठे? रस्त्यावर कमरेएवढं पाणी होतं. समोरच्या इमारतीतल्या मुलाने दुसऱ्या मजल्यावरून मोबाइलवर व्हिडिओ काढलाय. त्यात सकाळी सातच्या सुमारास गाडीचं टप शेवटचं दिसतं. नंतर नुसतं तांबडं पाणी. 2005 च्या पुराची रेघ घराच्या भिंतीवर भाऊजींनी मुद्दाम जपली होती. या वेळी पाणी तिच्याही हातभर वर चढलं.

मी पुण्यात. दोन दिवस ताईचा फोन लागत नव्हता. 24 जुलैच्या संध्याकाळी ती गावाबाहेरच्या टेकाडावर चढली, तिथे रेंज मिळाली आणि तिने सांगितलं, ‘‘आम्ही बरे आहोत. गाडी बुडाली. कंपनीला तू कळव, इथे फोन चालत नाहीत.’’ मी तिथल्या तिथे विमा कंपनीच्या टोल फ्री नंबरवर क्लेम नोंदवला आणि क्लेम नंबर तिला मेसेज केला. मेसेज पोचायला दुसरा दिवस उजाडला.

ताई प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिच्या दोनशे पानी वहीतली पहिली नोंद त्या दिवसाची आहे: ‘24/7, सायं. 6.10, धाकटीने कंपनीला कळवले, क्लेम क्र. ...’ पुढचे नऊ महिने ती वही तिच्या पर्समधून बाहेर पडली नाही.

पाणी ओसरल्यावर गाडीचं दार उघडलं तेव्हा आतून गाळाची लाट बाहेर आली. सीटबेल्टच्या कुलपात गाळ, एसीच्या जाळीत गाळ. डॅशबोर्डच्या कप्प्यातले पॉलिसीचे कागद भिजलेल्या पोळीसारखे हातात तुटत होते. शेजारचा मेकॅनिक म्हणाला, एकदा किल्ली फिरवून बघू. ताईने त्याला हात लावू दिला नाही, आणि तिथेच तिने निम्मी लढाई वाचवली. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला तर पिस्टनला पाणी दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग कंपन्या म्हणतात, हे नुकसान पुराने झालेलं नाही, तुम्ही गाडी सुरू केलीत म्हणून झालं. इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर नसेल तर ते पैसे बहुतेक वेळा मिळत नाहीत. ताईच्या पॉलिसीत ते कव्हर नव्हतं.

29 जुलैला सर्व्हेअर आला. भला माणूस होता. गुडघाभर चिखलातून चालत आला, भिंतीवरच्या रेघेचेही फोटो काढून घेतले. वर्कशॉपचं एस्टिमेट आलं 5 लाख 60 हजारांचं. गाडीची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत लिहिलेली किंमत, होती 4 लाख 20 हजार. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस धरतात. इथे वादाला जागाच नव्हती. भाऊजींचं शिलाई मशीनचं दुकानही गाळात गेलं होतं, त्याचा विमा नव्हता. घराचा सगळा भरवसा या चार लाखांवर होता.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोन आला, ‘‘मॅडम, तुमची पॉलिसी कॅन्सल झालेली आहे. क्लेम रिजेक्ट.’’ कारण विचारलं तर, ‘‘चुकीचं डिक्लरेशन.’’ ताईने दुसरं काही विचारलं नाही. ‘‘लेखी द्या,’’ एवढं सांगितलं आणि वहीत वेळ टिपली.

पत्र यायला आणखी दोन आठवडे गेले. ते वाचल्यावर आमच्या पायाखालची जमीन सरकली, कारण त्यात लिहिलेलं खोटं नव्हतं. क्लेम न करता वर्ष काढलं की नूतनीकरणाच्या वेळी ओडी प्रीमियमवर, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर, सूट मिळते. तिला एनसीबी म्हणतात. पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50. एकदा क्लेम केला की ती शून्यावर येते. 2019 च्या डिसेंबरात परशुराम घाटात एसटी घासून गेली होती आणि ताईने दार नि बंपरसाठी 11 हजारांचा क्लेम घेतला होता. ऑक्टोबर 2020 मध्ये पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेताना एजंटने फॉर्म ऑनलाइन भरला आणि सवयीने 35 टक्के एनसीबी टाकली. लॉकडाउनचे दिवस. त्याने फोनवर ओटीपी मागितला, भाऊजींनी सांगितला. फॉर्म कुणीच वाचला नाही.

8 हजार 514 रुपयांच्या ओडी प्रीमियमवर 35 टक्के म्हणजे 2 हजार 980 रुपये. तेवढ्या सवलतीपायी चार लाखांचा क्लेम गेला होता. पत्रासोबत भरलेल्या प्रीमियमचा, 10 हजार 331 रुपयांचा परताव्याचा चेक होता आणि पॉलिसी ‘आरंभापासून रद्द’ असं लिहिलं होतं.

भाऊजी म्हणाले, चूक आपली आहे, सोडून द्या. मलाही क्षणभर तसंच वाटलं, कारण रद्द पॉलिसीचा एक निकाल मी वाचला होता. जम्मू-काश्मीरमधल्या एका गृहस्थाने 21 डिसेंबर 1993 ला विम्यासाठी 4 हजार 492 रुपयांचा चेक दिला. 31 डिसेंबरला अपघातात तो गेला, गाडी चक्काचूर झाली. जानेवारीत चेक वटला नाही म्हणून कंपनीने पॉलिसी रद्द केली. त्याची विधवा सीमा मल्होत्रा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि 2001 मध्ये निकाल तिच्या विरोधात लागला: प्रीमियम मिळालाच नाही, तर कंपनीवर गाडीची जबाबदारी नाही. कायदा असा कोरडा असू शकतो, ही धास्ती माझ्या मनात होती.

ताईचं म्हणणं वेगळं होतं. ‘‘आपला प्रीमियम वटला होता ना? नऊ महिने त्यांनी पैसे ठेवून घेतले. मग पूर आल्यावरच त्यांना कसं कळलं?’’

हाच प्रश्न नेमका होता. मी दोन रात्री इंडिया मोटर टॅरिफ, म्हणजे मोटार विम्याची नियमावली, वाचत बसले. ग्राहकाने नुसत्या आपल्या शब्दावर एनसीबी मागितली, तर नव्या कंपनीने 21 दिवसांच्या आत जुन्या कंपनीला लिहून खात्री करून घ्यायची असते. न लिहिणं हा टॅरिफचा भंग ठरतो. इथे पॉलिसी ऑक्टोबरची आणि चौकशीचं पत्र ऑगस्टचं, तेही पुरानंतरचं. दुसरी गोष्ट ताईला सापडली, पॉलिसीच्या अटींमध्ये, बारीक अक्षरात: कंपनीला पॉलिसी रद्द करायची असेल तर विमाधारकाच्या शेवटच्या ठाऊक पत्त्यावर सात दिवसांची नोटीस रजिस्टर्ड टपालाने द्यावी लागते. अशी नोटीस कुणालाच आली नव्हती. तिने परताव्याचा चेक बँकेत टाकला नाही. ‘मला मान्य नाही’ असं पत्र रजिस्टरने धाडलं आणि चेक वहीत टाचून ठेवला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार गेली. महिनाभर उत्तर नाही. मग विमा लोकपाल. चिपळूण पुण्याच्या लोकपालांकडे येतं. फी नाही. वकील चालत नाही, विमाधारकाने स्वतःच बोलायचं. त्या वेळी तिथे 30 लाखांपर्यंतचे दावे जात, आता ती मर्यादा 50 लाख झाली आहे. ताईच्या गल्लीत, इतक्या गाड्या बुडाल्या असताना, ही सोय कुणाला माहीत नव्हती. मला त्याची आजही चुटपुट लागते. ग्राहक आयोगाचा रस्ता होताच, दोन वर्षांच्या आत तिथेही जाता आलं असतं. पण ताईला तारखांमागून तारखा नको होत्या.

फेब्रुवारी 2022 मध्ये सुनावणी व्हिडिओवर झाली. ताई शाळेतून अर्धी रजा घेऊन आली होती. टेबलावर वही, शेजारी मी. सुरुवातीलाच तिने सांगितलं, ‘‘एनसीबी चुकीची लागली, ती चूक आमच्याकडून झाली. सवलतीचे पैसे व्याजासकट कापून घ्या.’’ मी दचकले. पण त्या एका वाक्याने कंपनीच्या प्रतिनिधीने आणलेला अर्धा युक्तिवाद खाली बसला.

मग त्याने नवीनच मुद्दा काढला: नुकसानीची खबर उशिरा दिली. ताईने वहीचं पहिलं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. नंतर विचारलं, ‘‘आणि हे तुमच्या नकाराच्या पत्रात कुठे लिहिलंय?’’ सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हेच सांगितलं आहे: नकाराच्या पत्रात उशिराचं कारण नसेल, तर कंपनीला ते मागाहून पुढे आणता येत नाही. त्या निकालाची प्रत आम्ही अर्जाला जोडली होती. सप्टेंबरातल्या त्या फोनवर तिने ‘लेखी द्या’ म्हटलं नसतं, तर तो नकार कुठल्या कारणांपुरता बांधून ठेवणार होतो आम्ही?

मार्चमध्ये निवाडा आला. रद्द करणं नियमाला धरून नाही, 21 दिवसांत खातरजमा केली नाही, पण विमाधारकाचं डिक्लरेशनही चुकलं. म्हणून क्लेम नॉन-स्टँडर्ड, म्हणजे अंशतः देय, धरून 75 टक्के द्यावा. ग्राहकाने सोसायचा एक हजाराचा सक्तीचा वाटा वजा जाता 4 लाख 19 हजारांचे 3 लाख 14 हजार 250 रुपये, वर व्याज. भाऊजींना निवाडा पुरेपूर न्याय्य वाटला. मला अजूनही वाटत नाही. ग्राहकाची चूक 2 हजार 980 रुपयांची होती आणि त्याची किंमत लाखाच्या वर गेली. ज्याने फॉर्म भरला त्या एजंटचं कमिशन मात्र कुणी मागे घेतलं नाही.

एप्रिलमध्ये पैसे जमा झाले. गाडीचा सांगाडा न्यायला टोईंगवाला आला, त्याच्यासोबत कंपनीचा एक तरुण मुलगा होता. त्याने किल्ल्या, आरसी बुक आणि तो न वटवलेला चेक मागितला. ताईने चेकची टाचणी काढली, पण कागद हातात दिला नाही. वहीचं कोरं पान त्याच्यापुढे सरकवलं. ‘‘काय काय नेलंत ते लिहा. सही करा. आणि तारीख घाला.’’

त्याने तिथे उभ्या उभ्या तीन ओळी लिहिल्या. तेवढ्यात पलीकडच्या घरातल्या वहिनी कंपनीचं एक पाकीट घेऊन दारात आल्या. त्यांचीही गाडी त्याच पाण्यात होती. ताईने चष्मा चढवला, पाकिटातून पत्र काढलं आणि आधी वरच्या कोपऱ्यातली तारीख वाचली.